पोळ्याला ग्रहण का नाही?

पोळा अमावास्येचा, पांढुर्णा-सौंसरात बैल सजतात तेव्हा चंद्र सूर्याच्याच बाजूला असतो. तरी दर पोळ्याला सूर्यग्रहण नाही, कारण चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली. त्याची सावली बहुधा पृथ्वीला चुकवून जाते. १ सप्टेंबर २०१६ ला, ऐन पोळ्याला, ती चुकली नाही. पण ग्रहण दिसलं आफ्रिकेत, तेही कंकणाकृती!

चंद्र लंबवर्तुळात फिरतो: कधी ३.५६, कधी ४.०६ लाख किलोमीटरवर. लांब असला की लहान दिसतो, सूर्य पुरता झाकला जात नाही, कडेला झळाळती बांगडी उरते. २२ जुलै २००९ ला तो जवळ होता; भोपाळला खग्रास, इथे खंडग्रास. अर्थात जुलैतलं ग्रहण, सगळं ढगांच्या मर्जीवर.