पीळ सोडवणे आणि धागा तोडणे

डीएनएचा रेणू म्हणजे दोन पदरांची पिळाची दोरी. जाडी जेमतेम दोन नॅनोमीटर. या दोरीत बंध दोन प्रकारचे असतात. प्रत्येक पदर सलग ठेवणारा साखर-फॉस्फेटचा कणा सहसंयुज बंधांचा, म्हणून चिवट. दोन पदरांना एकमेकांशी धरणारे हायड्रोजन बंध मात्र दुबळे: ॲडेनिन-थायमिन जोडीत दोन, ग्वानिन-सायटोसिन जोडीत तीन. त्यांना एकावर एक रचलेल्या जोड्यांच्या परस्पर आकर्षणाचीही साथ असते. दुबळे बंध सुटतील पण चिवट बंधांना धक्का लागणार नाही इतकीच ऊर्जा दिली, तर पदर सुटे होतात. त्याहून जास्त दिली, की दोरीच तुटते.

पदर सुटे करण्याची गरज कुठे पडते, हे कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात नीट दिसते. तालुक्याचे बरेचसे रान काळी व्याघ्र प्रकल्पात येते. २००७ मध्ये तो दांडेली-अणशी या नावाने घोषित झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. अणशी, कुंभारवाड्याच्या दाट झाडीत वाघ क्वचितच नजरेस पडतो. वाटेवर विष्ठा मात्र सापडते. ती वाघाची की बिबट्याची, हे नुसत्या पाहण्याने खात्रीने सांगता येत नाही. बिबट्या ठिपक्यांचा होता की काळा, हे तर मुळीच नाही. विष्ठेला चिकटून आलेल्या आतड्याच्या पेशींत मात्र त्या जनावराचा डीएनए असतो. तो अत्यल्प असल्यामुळे आधी त्याच्या प्रती वाढवाव्या लागतात, आणि प्रत काढायची तर पदर वेगळे झालेच पाहिजेत.

हे काम उष्णता करते. ९४-९५ अंश सेल्सिअसला पाण्याच्या रेणूंची धडपड इतकी वाढते की हायड्रोजन बंध एकामागून एक सुटतात, कणा मात्र टिकतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, अशी म्हण आहे. इथे नेमके उलटे घडते, पीळ जातो आणि सुंभ शाबूत राहतो. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेली पीसीआर पद्धत यावरच उभी आहे: तापवायचे, निववायचे, नवे पदर जोडू द्यायचे, पुन्हा तापवायचे. ३० फेऱ्यांत एका रेणूचे, निदान हिशेबाने, १०७ कोटी रेणू होतात.

ध्वनीने हेच साधेल का? सेकंदाला २० हजार कंपनांच्या किंवा त्याहून वरच्या ध्वनिलहरी द्रावणात सोडल्या की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि क्षणात कोसळतात. त्या कोसळण्याने उसळणारा प्रवाह लांब रेणूला दोन्ही टोकांकडे ताणतो. ताण मधोमध सर्वाधिक, म्हणून दोरी बहुधा मध्याच्या आसपास तुटते. हाती येतात काही शे जोड्यांचे तुकडे, आणि तेही बहुतेक दुपदरीच. जनुकक्रम वाचण्यापूर्वी लांब डीएनएचे तुकडे करायला ही रीत उत्तम. पदर उलगडायला ती निरुपयोगी. नळी बर्फात ठेवतात, तीही उष्णतेने पदर सुटू नयेत म्हणूनच.

किरणांच्या बाबतीत मारा कोणत्या किरणांचा आहे, यावर सारे ठरते. गॅमा किरण थेट कणाच तोडतात, शिवाय पाण्याच्या रेणूंतून आक्रमक मूलके निर्माण करून त्यांच्याकरवीही तोडतात. लासलगावच्या विकिरण केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून हीच मोडतोड कामी लावली जाते: कोंबाच्या पेशींचा डीएनए बिघडला की त्या विभागत नाहीत. अतिनील किरणांची तऱ्हा वेगळी. ते एकाच पदरावरच्या शेजारच्या दोन थायमिनना एकमेकांना जखडतात, आणि तिथे प्रत काढणारे विकर अडते. रानवाटेवर उन्हात पडून राहिलेल्या विष्ठेतला डीएनए अशानेच निकामी होत जातो. जोयड्याचा मुसळधार पाऊस उरलासुरला धुऊन नेतो. म्हणून नमुना जितका ताजा तितका बरा, आणि प्रयोगशाळेतही वाचायला छोटेच पट्टे निवडतात.

तरी अतिनील किरणांचा एक सौम्य उपयोग आहे, आणि तो मोठा देखणा आहे. २६० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दुपदरी डीएनए कमी शोषतो, सुटे पदर जास्त. फरक ४० टक्क्यांच्या आसपास जातो. द्रावण हळूहळू तापवत हे शोषण मोजले, की पदर कोणत्या तापमानाला सुटले ते आलेखावर दिसते. ग्वानिन-सायटोसिन जोड्या जितक्या अधिक, तितके ते तापमान वर जाते.

प्रकाशाने पदर सुटे करण्याची खरी वाट आडवळणाची आहे. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर किंवा पातळ थरावर प्रकाश पाडला की सोने तो शोषून तापते आणि भोवतालच्या पाण्याला तापवते. अवरक्त दिव्याखाली पाणी स्वतःच ऊब शोषून घेते. दोन्हीकडे द्रव थोडा असल्याने तापवणे-निववणे काही सेकंदांत होते आणि नळ्या तापवणाऱ्या धातूच्या जड ठोकळ्याची गरज उरत नाही. पदर सोडवते ती मात्र तीच ९४-९५ अंशांची उष्णता; किरण ती फक्त लवकर पोचवतात.