मॅन्झनारची वारी

एप्रिलचा शेवटचा शनिवार. लॉस एंजेलिसहून सकाळीच बसगाड्या निघतात. कुणी चर्चच्या गटाबरोबर, कुणी बौद्ध मंदिराच्या, कुणी कॉलेजच्या. चार तासांत मोहावेचे वाळवंट मागे पडते, डाव्या हाताला सिएरा नेवाडाची हिमशिखरे उभी राहतात आणि हमरस्त्यालगत टेहळणीचा मनोरा दिसतो. हे मॅन्झनार. इथे येणारे ‘सहलीला आलो’ म्हणत नाहीत, ‘यात्रेला आलो’ म्हणतात.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. त्यात ‘जपानी’ हा शब्द कुठेही नव्हता. लष्कराने ठरवलेल्या टापूतून कुणालाही हलवण्याची मुभा तेवढी होती. तिचा वापर मात्र पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या माणसांवर झाला. सुमारे १ लाख २० हजार माणसे दहा छावण्यांत डांबली गेली. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले नागरिक होते. ना आरोप, ना खटला. हातात मावेल तेवढेच सामान न्यायची परवानगी होती. दुकाने, होड्या, शेतीची अवजारे मिळेल त्या भावाला विकून माणसे निघाली.

त्यांतल्या मॅन्झनारच्या छावणीत सुमारे एक चौरस मैलाच्या तारेच्या कुंपणात दहा हजार जण राहत. शंभर फूट लांब आणि वीस फूट रुंद अशा लाकडी बराकींचे चार-चार भाग पाडलेले, आणि एकेका भागात आठ-आठ माणसे. ओल्या लाकडाच्या फळ्या वाळून आक्रसल्या आणि फटींतून वाळवंटाची धूळ अंथरुणावर येऊ लागली. शौचालयांना आडोसाही नव्हता. बायकांनी या अपमानाची आठवण जन्मभर मनात ठेवली. ६ डिसेंबर १९४२ च्या रात्री लष्करी पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. त्यात दोन तरुण गेले.

छावणीत एक अनाथाश्रमही होता. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या अनाथाश्रमांतली मुले उचलून इथे आणली होती. त्यांत तान्ही बाळेही होती. बाटलीने दूध पिणाऱ्या बाळापासून देशाला कसला धोका होता, याचे उत्तर आजवर कुणी दिलेले नाही. अशा वेळी धर्मसंस्थांनी सगळीकडे आवाज उठवला असे म्हणता येत नाही. काही जण मात्र उभे राहिले. क्वेकर पंथीयांनी छावणीतल्या तरुणांना दूरच्या कॉलेजांत प्रवेश मिळवून द्यायला मदत केली. मेरीनॉल या कॅथलिक संघाच्या जपानी वंशाच्या सिस्टर बर्नाडेट आणि सिस्टर सुझाना आपल्या लोकांसोबत छावणीतच राहिल्या.

यात्रा थांबते ती दफनभूमीपाशी. तिथला पांढरा स्तंभ ऑगस्ट १९४३ मध्ये उभा राहिला. त्यासाठी कुटुंबाकुटुंबाने १५ सेंटची वर्गणी दिली. बांधणारे गवंडी र्‍योझो काडो कॅथलिक होते, त्यावरची अक्षरे लिहिणारे शिंजो नागातोमी बौद्ध धर्मगुरू. ‘इरेइतो’ म्हणजे आत्म्यांना शांतवणारा स्तंभ. आज त्याच्या पायाशी कागदी बगळ्यांच्या माळा, नाणी, खडे वाहिलेले असतात, आणि ख्रिस्ती व बौद्ध धर्मगुरू एकत्र प्रार्थना करतात.

२१ नोव्हेंबर १९४५ रोजी छावणी बंद झाली आणि घराघरांत मौन सुरू झाले. आईबाप मुलांना काही सांगेनात. निर्दोष माणसालाच लाज वाटावी, असा तो घाव होता. डिसेंबर १९६९ मध्ये कडाक्याच्या थंडीत सुमारे दीडशे जण, बहुतेक तरुण, इथे आले. ही पहिली यात्रा असे त्यांना वाटत होते. पण बौद्ध धर्मगुरू सेंतोकू माएदा आणि ख्रिस्ती धर्मगुरू शोइची वाकाहिरो यांची ती पंचविसावी खेप होती. छावणी बंद झाल्यापासून हे दोघे दरवर्षी येऊन मृतांसाठी प्रार्थना करत होते. आपल्याकडे याला वारी म्हणतात: कुणी बोलावो न बोलावो, ती चुकवायची नाही.

त्या दोघांच्या वारीत तरुण मिसळले आणि बंद तोंडे उघडू लागली. लहानपणी छावणीत राहिलेले लोक सरकारी चौकशीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले. १९८८ मध्ये अमेरिकेने कायद्याने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर भरपाई दिली. १९९२ मध्ये मॅन्झनार राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. ११ सप्टेंबर २००१ नंतर संशयाची बोटे मुसलमानांकडे वळली, तेव्हा अमेरिकी मुस्लिमही या यात्रेत सामील होऊ लागले.

हे वाचून आपण परके राहू नये. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन नागरिकांना आपल्या नगरच्या छावणीत डांबले होते. नाझींच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यूही त्यांत होते. १९६२ च्या युद्धात स्वतंत्र भारताने चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीला नेऊन ठेवले. तिथली आठवण राखायला मोठी गर्दी लागत नाही. मॅन्झनारला पंचवीस वर्षे दोघेच पुरेसे ठरले होते.