मांजराचं मन (भाग ५) : गादी ओली का होते?

पाहुणे चार दिवस राहून गेले, नवा सोफा आला किंवा मंडळी गावाला जाऊन परतली, की मांजर लिटर ट्रे सोडून नेमकी गादी ओली करतं. घरातलं कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं, "खुन्नस काढतंय मेलं!" मग त्याचं नाक गादीवर घासायचं, फटका द्यायचा, बाथरूममध्ये कोंडायचं. मागच्या भागातल्या ओरबाडण्यापेक्षा ही तक्रार गंभीर, कारण हिच्यापायी कित्येक मांजरांना घर सोडावं लागतं.

खुन्नसचा आरोप मात्र टिकत नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी ३२ मांजरांच्या वागण्याची नोंद ठेवली. त्यांतल्या २० मांजरांना मूत्राशयाच्या दाहाचा जुना आजार होता, १२ ठणठणीत होती. खाण्याच्या वेळा हलल्या, देखभाल करणारं माणूस बदललं, की आजाऱ्यांबरोबर धडधाकट मांजरंही उलट्या करायची, कमी खायची, ट्रेबाहेर घाण करायची. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

तरीही पहिली फेरी पशुवैद्याकडेच. मूतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, म्हातारपणातली सांधेदुखी, काहीही निघू शकतं. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कळ काढतोय आणि थेंबही येत नाही, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबला तर एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

तपासणीत काही निघालं नाही, की डाग कुठे पडतो ते बघावं. मांजर खाली बसून गादीवर किंवा फरशीवर लघवी करत असेल, तर त्याचं बहुधा ट्रेशी बिनसलेलं असतं. उभ्याउभ्या, शेपटी ताठ करून थरथरवत पडद्यावर फवारा मारत असेल, तर ती हद्दीची खूण. खिडकीबाहेर फिरणारा परका बोका तेवढ्याला पुरतो. नसबंदीनंतर दहातल्या साधारण नऊ बोक्यांची ही सवय सुटते किंवा बरीच कमी होते.

फ्लॅटमध्ये ट्रेची जागा माणसांच्या सोयीने ठरते, बरेचदा वॉशिंग मशीनच्या शेजारी. ऐन वेळी मशीन घरघरलं, की मांजर पुन्हा त्या वाटेला जात नाही. ट्रे शांत जागी हवा. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजर जेवढं लांब, त्याच्या दीडपट हवा. बहुतेक मांजरांना बारीक, बिनवासाचं लिटर आवडतं. मांजरं दोन असतील तर ट्रे तीन, तेही वेगवेगळ्या ठिकाणी; ओळीने मांडलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच. घाण रोज काढावी, शक्य तर दोनदा.

डाग पुसायला हात आधी फिनाईलच्या बाटलीकडे जातो. ते टाळावं. त्यातली फिनॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत, आणि फरशीवरून चालून आलेलं मांजर पंजे चाटतंच. अमोनियावालं क्लीनर तर लघवीच्याच वासाची आठवण करून देतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरलं, तर वास मुळापासून जातो आणि मांजर त्या जागी परतण्याचं एक कारण कमी होतं.

उरलं शिकवणं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये कडी लावलेल्या पेट्यांमध्ये भुकेली मांजरं ठेवून पाहिली. ज्या हालचालीने दार उघडून खाणं मिळे, तीच मांजरं पुढच्या वेळी लवकर करत; बाकीची धडपड हळूहळू गळून पडे. ट्रेचा धडाही याच वाटेने द्यायचा. मांजर ट्रे वापरून बाहेर आलं, की दोनतीन सेकंदांत आवडत्या खाऊचा तुकडा पुढे करावा. पाच मिनिटांनी दिलेला खाऊ कशाबद्दल मिळाला, हे त्याला उमगत नाही. उशिरा पडलेल्या फटक्याचंही तेच. मांजर फक्त मारणाऱ्याला घाबरू लागतं आणि पुढची लघवी पलंगाखाली, कुणी नसताना उरकतं.

पुढच्या भागात : कुरवाळून घेता घेता अचानक चावणारी मांजरं.