स्पर्धा जागेची, कसोटी कोपराची

फेब्रुवारीचा मध्य आला की अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे तीसही संघ उबदार हवेच्या दिशेने निघतात. निम्मे फ्लोरिडात, निम्मे ॲरिझोनात. पुढचे सुमारे सहा आठवडे तिथे सराव शिबिरे आणि सराव सामने चालतात. त्याला म्हणतात ‘स्प्रिंग ट्रेनिंग’. या सामन्यांतील जय-पराजय मुख्य स्पर्धेच्या गुणतक्त्यात धरला जात नाही. तरीही या सहा आठवड्यांत कित्येक खेळाडूंचे भवितव्य ठरते. संपूर्ण संघाचा हंगाम कसा जाणार, याचा अंदाजही इथेच बांधला जातो. अलीकडच्या काळात हा अंदाज चुकवण्याचे काम एक लहानसा सांधा वारंवार करतो आहे. तो म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पिचरचे कोपर.

आधी ही स्पर्धा समजून घेऊ. प्रत्येक संघाच्या विस्तारित यादीत ४० खेळाडू असतात. त्यांच्या जोडीला शिबिरासाठी खास बोलावलेले आणखी काही जण येतात. हंगामाचा पहिला सामना उजाडतो तेव्हा त्यांपैकी फक्त २६ जण मुख्य संघात राहतात आणि त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. सामन्याची सुरुवात करणारे पिचर साधारण पाच असतात आणि ते आळीपाळीने खेळतात. बहुतेक संघांत यांतील तीन-चार नावे आधीच ठरलेली असतात. खरी चुरस असते ती चौथ्या-पाचव्या जागेसाठी. मुख्य संघात २०२४ साली किमान वार्षिक वेतन ७ लाख ४० हजार डॉलर होते. त्याच्या लगेच खालच्या पायरीवर, म्हणजे ट्रिपल-ए दर्जाच्या संघात, साध्या करारावरच्या खेळाडूला सुमारे ३६ हजार डॉलर मिळत होते. कोपरात जराशी कळ आली तर ती सांगावी की दाबावी, हा प्रश्न तरुण पिचरपुढे उभा राहतो तो या फरकामुळे.

न्यूयॉर्क यांकीज या संघाचे दोन लागोपाठचे मोसम या बाबतीत बोलके आहेत. हा संघ फ्लोरिडातील टँपा शहरात सराव करतो. मार्च २०२४ मध्ये त्यांचा प्रमुख पिचर गेरिट कोल याचे कोपर दुखू लागले. आदल्याच वर्षी त्याला अमेरिकन लीगचा सर्वोत्तम पिचर म्हणून ‘साय यंग’ पुरस्कार मिळाला होता. तपासणीत सूज आढळली. शस्त्रक्रिया टळली, पण तो जूनच्या उत्तरार्धापर्यंत खेळू शकला नाही. त्याच्या रिकाम्या जागेसाठी जी चुरस झाली, तीत बाजी मारली लुईस गिल याने. गिलच्या स्वतःच्या कोपरावर २०२२ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यात त्याचा बराच काळ गेला होता. त्या हंगामात त्याने १५ सामने जिंकले आणि लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. संघ अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला.

पुढच्या वर्षी फासे उलटे पडले. २०२५ च्या शिबिरात गिलचा काखेखालून पाठीकडे जाणारा रुंद स्नायू दुखावला आणि तो ऑगस्टपर्यंत बाहेर बसला. त्याच सुमारास सराव सामन्यानंतर कोलचे कोपर पुन्हा दुखले. ११ मार्चला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा संपूर्ण हंगाम गेला. हंगामाचा पहिला चेंडू पडण्याआधीच संघाचे गणित कोलमडले. नवख्या आणि उताराला लागलेल्या पिचरना संधी द्यावी लागली. संघाने तरीही ९४ सामने जिंकले, पण विभागात टोरोंटोशी बरोबरी झाली आणि परस्परांतील सामन्यांच्या निकषावर पहिले स्थान हुकले. पुढे बाद फेरीत त्याच टोरोंटोने त्यांना घरी पाठवले.

हे कोपरच का? क्रिकेटच्या वाचकाला तुलना सोपी जाईल. गोलंदाजाने चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करायचे नाही, असा नियम आहे. त्यामुळे वेगवान गोलंदाजाच्या शरीरावरचा मोठा भार कमरेच्या मणक्यांवर येतो आणि त्याला तिथे हाडाची सूक्ष्म चीर पडण्याचा धोका असतो. पिचरला असे बंधन नाही. तो वाकवलेला हात चाबकासारखा फिरवतो. त्या क्षणी त्याचा दंड खांद्यात सेकंदाला सुमारे ७ हजार अंश इतक्या वेगाने फिरतो. सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. तिथे दंडाचे हाड आणि हाताच्या करंगळीकडील हाड यांना जोडणारे एक चिवट, लहान लिगामेंट म्हणजे अस्थिबंध असतो. प्रयोगशाळेतील मोजमापांनुसार जोरदार फेकीत कोपराला बसणारा पीळ सुमारे ६४ न्यूटन-मीटर असतो. मृतदेहांवरील चाचण्यांत हे लिगामेंट साधारण त्याच्या निम्म्याच ताणाला तुटते.

मग प्रत्येक फेकीला ते तुटत का नाही? कारण हाताचे स्नायू आकुंचन पावून बराचसा भार उचलतात. मात्र स्नायू थकले की त्यांचा वाटा लिगामेंटकडे जातो. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असल्याने ते काही आठवड्यांत बळकट होतात. लिगामेंटला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे वाढीव भाराशी जुळवून घ्यायला त्याला महिने लागतात. हाताला ‘आता आपण तयार आहोत’ असे वाटते, तेव्हा आतला सांधा तयार असेलच असे नाही.

एकेकाळी ही इजा म्हणजे कारकिर्दीचा शेवट असे. लॉस एंजलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याला १९७४ मध्ये ती झाली. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातील एक कंडरा काढून डाव्या कोपरात बसवला. यश मिळण्याची शक्यता शंभरात एक, असे त्यांनी सांगितले होते. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्यासाठी बहुधा वापरला जाणारा मनगटाचा कंडरा काही लोकांत जन्मतःच नसतो आणि त्याच्यावाचून हाताचे फारसे काही अडत नाही. आज दहापैकी सुमारे आठ खेळाडू या शस्त्रक्रियेनंतर पूर्वीच्या पातळीवर परततात. पण त्याला बारा ते अठरा महिने लागतात आणि नवे लिगामेंट पुन्हा तुटूही शकते.

शस्त्रक्रिया यशस्वी होते, म्हणून तिची भीती कमी झाली. संख्या मात्र वाढत गेली. मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार मुख्य आणि दुय्यम संघ मिळून अशा शस्त्रक्रिया २०१० मध्ये १०४ झाल्या होत्या. २०२४ मध्ये त्या २८१ झाल्या. याच सुमारास वेगवान चेंडूची सरासरी गती वाढत होती. २००८ मध्ये ती ताशी सुमारे १४७ किलोमीटर होती, २०२४ मध्ये सुमारे १५२. तज्ज्ञांनी बोट ठेवले ते तीन गोष्टींवर: वेगाचा हव्यास, चेंडूला जास्तीत जास्त वळण देण्याचा अट्टहास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण जोर लावून टाकण्याची सवय. दुखापती शिबिराच्या काळात आणि हंगामाच्या आरंभी वाढतात, हेही अहवालाने नोंदवले.

यातच स्प्रिंग ट्रेनिंगचा पेच आहे. ही प्रथा मुळात थंडीतल्या विश्रांतीनंतर शरीर हळूहळू तयार करण्यासाठी होती. पहिल्या सामन्यात एक-दोन डाव टाकायचे, मग पाच-सहा दिवसांनी तीन, असे वाढवत जायचे. आता मैदानातील यंत्रे प्रत्येक चेंडूचा वेग आणि फिरकी मोजतात आणि जागेसाठी झगडणाऱ्याला पहिल्याच दिवशी आकडा दाखवायचा असतो. त्यामुळे तो नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच पूर्ण वेगाने चेंडू फेकत असतो. विश्रांतीचे महिनेही गेले आणि हळूहळू तयारीचे आठवडेही. नामवंत खेळाडू ‘दोन आठवडे थांबतो’ म्हणू शकतो. काठावरचा खेळाडू थांबला, तर त्याची जागा दुसऱ्याला जाते.

म्हणूनच संघाच्या भवितव्याचा अंदाज बांधणारे आता पहिल्या पाच पिचरांवर थांबत नाहीत. सहावा, सातवा, आठवा कोण, हे ते विचारतात. १६२ सामन्यांच्या हंगामात त्यांची गरज लागणार, हे जवळपास गृहीत धरलेले असते.

हा धडा मुलांसाठी अधिक महत्त्वाचा आहे, कारण वाढत्या वयात सांधे जास्त नाजूक असतात. अमेरिकेत २०१४ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९-१० वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५ पेक्षा जास्त चेंडू फेकू नयेत, ११-१२ वर्षांच्याने ८५ पेक्षा. भरपूर चेंडू टाकल्यावर ठरावीक दिवस विश्रांती आणि वर्षातून काही महिने फेकणे पूर्ण बंद, हेही त्यात आहे. क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजाचे चेंडू मोजण्यामागचे तत्त्वही हेच. भार एकदम वाढवायचा नाही आणि थकल्यावर जोर लावायचा नाही.

चेंडू फेकणाऱ्या मुलाचे कोपर आतल्या बाजूने दुखत असेल, करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येत असतील किंवा नेहमीचा वेग, अचूकता अचानक घसरली असेल, तर वेदनाशामक गोळी देऊन पुढच्या सामन्याला पाठवू नये. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. लिगामेंट नुसते ताणलेले असेल, तर विश्रांती आणि व्यायामाने बहुधा भागते. निवड चाचणी पुढच्या वर्षी पुन्हा होईल, पण अंगावर काढलेली दुखापत ती संधीही हिरावून घेऊ शकते.