सोळा कलमं आणि 1848 ची यादी

कलमं बांधणाऱ्यांचा इतिहास शोधायचा नाद मला जुना. त्यात हाती लागलेला सर्वांत अस्वस्थ करणारा कागद म्हणजे लुइझियानातल्या ओक अ‍ॅली या ऊसमळ्याच्या मालमत्तेची 1848 ची यादी. मालक झाक रोमां वारल्यावर ती झाली. तीत गुलामांच्याही किमती लावल्या आहेत. आंत्वान, वय 38, माळी, पिकॅनची कलमं बांधण्यात तरबेज. किंमत हजार डॉलर.

अक्रोडाच्या कुळातलं हे झाड वाऱ्यावर फळतं, त्यामुळे बियांपासून वाढवलं तर आईचे गुण उतरतीलच याचा भरवसा नाही. मिसिसिपीच्या पलीकडच्या काठावर अनिता मळ्यात मोठ्या, पातळ कवचाच्या फळांचं एक झाड होतं. डॉ. कोलोम यांनी त्याची कलमं करून पाहिली; जमली नाहीत. मग ते काड्या घेऊन ओक अ‍ॅलीत आले. 1846-47 च्या हिवाळ्यात आंत्वानने सोळा झाडांवर त्या बांधल्या आणि त्या जगल्या. यादवी युद्ध संपेपर्यंत मळ्यात अशी 126 झाडं झाली होती.

1876 मध्ये तेव्हाचे मालक ह्यूबर्ट बोन्झानो यांनी ही फळं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडली. येलचे प्राध्यापक ब्रूअर यांनी त्यांचा आकार आणि कवच वाखाणलं. प्रदर्शन अमेरिकी स्वातंत्र्याच्या शताब्दीचं, म्हणून जातीचं नाव पडलं ‘सेंटेनियल’. पुढे उसासाठी मळ्यातली बहुतेक झाडं तोडली गेली. अनिताचं मूळ झाड तर 1890 मध्ये नदीने बांध फोडला तेव्हा वाहून गेलं. तोवर रोपवाटिकांनी काड्या नेल्या होत्या, म्हणून जात टिकली.

आज पिकॅन लावणारा आधी हवा बघतो. न्यू मेक्सिकोच्या कोरड्या रानात ‘वेस्टर्न’ झकास येते, दमट जॉर्जियात तीच स्कॅबच्या बुरशीने बेजार होते. तिथे ‘एलियट’ तग धरते. कडक थंडीसाठी अमेरिकी कृषी खात्याने 1996 मध्ये ‘कान्झा’ दिली. शिवाय एकाच झाडावरची नर आणि मादी फुलं बहुधा मागेपुढे तयार होतात, म्हणून जुळणाऱ्या दोन जाती शेजारी लावाव्या लागतात. पण यातली कुठलीही जात बागेत येते ती कलमानेच.

आपल्याकडे काजूचंही तेच. बी रुजवून गुणांची खात्री नाही, म्हणून कोकणातला बागायतदार ‘वेंगुर्ला-4’ किंवा ‘वेंगुर्ला-7’ ची कलमं मागतो. ‘वेंगुर्ला-4’ च्या वंशावळीत ‘वेतोरे-56’ आहे. त्या पूर्वज झाडाच्या गावाची, वेतोऱ्याची, नोंद निदान राहिली.

फिलाडेल्फियात कौतुक झालं ते फळाचं, आणि फळ तिथवर पोचलं होतं आंत्वानमुळे. जातीला प्रदर्शनाचं नाव मिळालं. माझ्या मते ते आंत्वानचं असायला हवं होतं.