नातवासह सायकलवर : नेदरलँड्सच्या शिवारात

परदेशी निघालेले आजी-आजोबा दवाखान्यात येतात तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवसांच्या न्याव्यात, विमानात पाय सुजले तर काय करावे, विम्याच्या अर्जात मधुमेह लिहावा की नाही. (लिहावाच. लपवलेला आजार ऐन वेळी विम्याचा दावा बुडवतो.) अलीकडे मात्र एक नवा प्रश्न कानांवर येऊ लागला आहे. “डॉक्टर, मुलगा हॉलंडला आहे. तिथे सगळे सायकलनेच फिरतात म्हणे. नातवाला मागे बसवून मी सायकल चालवली तर चालेल ना?”

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कोणी विचारला असता, तर मी गुडघे आणि रक्तदाब तपासून “खुशाल चालवा” म्हटले असते. आज मी तसे म्हणत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात सून आणि दोन वर्षांचा नातू यांच्यासह मी मुलाकडे उत्रेख्त येथे पाच आठवडे राहून आले. तेथे जे शिकले, ते माझ्या एम.बी.बी.एस.च्या पुस्तकांत नव्हते.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगते, कारण तो भाग आता बहुतेकांना ठाऊक असतो. विमान खाली उतरू लागले की लहान मुलांचे कान दुखतात. त्या वेळी बाळाला झोपू न देता पाणी, दूध किंवा एखादा खाऊ द्यावा. गिळण्याच्या क्रियेने कानातला दाब सारखा होतो. गोवराची लस वेळापत्रकाप्रमाणे, म्हणजे नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, झाली आहे ना हे निघण्यापूर्वी पाहावे. गोवराच्या साथी युरोपातही येतात. आपली औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह आणि हातातल्या सामानात ठेवावीत. बाळाच्या तापाच्या औषधाबाबत एक इशारा देते. पॅरासिटामॉलची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, किलोमागे 15 मिलिग्रॅम. आणि प्रत्येक बाटलीतील औषधाची तीव्रता वेगळी असते. बारा किलोच्या मुलाला 5 मिलिलीटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेले औषध साडेसात मिलिलीटर लागते, तर 250 मिलिग्रॅमवाले जेमतेम साडेतीन. “आमच्याकडे दीड चमचा देतो” हा हिशेब परक्या देशातल्या बाटलीला लावू नये.

तिकडे पोहोचल्यावर पहिली पंचाईत झाली ती उजेडाची. उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, आणि मेअखेरीस सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. बाहेर लख्ख उजेड असताना दोन वर्षांच्या मुलाला “झोप आता” हे पटवणे अशक्यच. खिडकीला जाड पडदा लावला तेव्हा कुठे चौथ्या दिवशी घर शांत झाले. तोवर सायकलीला हात लावायचा नाही, असे मी ठरवले होते. अपुरी झोप झालेल्या माणसाने मूल घेऊन रस्त्यावर जाऊ नये, मग ते वाहन दोन चाकांचे असले तरी.

उत्रेख्तच्या रेल्वे स्थानकाखाली साडेबारा हजार सायकली ठेवण्याचा तळ आहे. जगातला सर्वांत मोठा. तो पाहून मी अवाक् झाले. हा देश पूर्वीपासूनच असा असेल, असे मला वाटत होते, पण तसे नाही. 1971 साली तेथे रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच मुळी ‘बालहत्या थांबवा’ असे होते. 1973 च्या तेलटंचाईने तिला बळ मिळाले आणि हळूहळू सायकलींसाठी स्वतंत्र, तांबूस रंगाचे रस्ते झाले. तिथल्या माता आज मूल पुढे बसवून निर्धास्तपणे जातात, त्यामागे हा इतिहास आहे. आपण केवळ त्यांची सायकल उसनी घेतो. त्यांची बालपणापासूनची सवय आपल्याला उसनी मिळत नाही.

हे मला पहिल्याच सकाळी कळले. मी पुण्यात वाढलेली, शाळा-कॉलेज सायकलवरच झालेले, त्यामुळे आत्मविश्वासाला तोटा नव्हता. पण आपण सायकलवर बसण्यापूर्वी पायाने पायडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणतो ना, तसे मी केले आणि पायडल जागीच अडले. तिथल्या पुष्कळ सायकलींचा मागचा ब्रेक हाताशी नसून पायाशी असतो. पायडल उलटे दाबले की चाक थांबते. चढताना, वळताना, गर्दीत, आपला पाय सवयीने मागे जातो आणि सायकल अनपेक्षितपणे थबकते. त्यात वाहतूक उजव्या बाजूने. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचे, हे बुद्धीला कळले तरी मान उजवीकडेच वळते. मी चार दिवस एकटीने, मोकळ्या मैदानात सराव केला. हातात गाठोडे नको, मागे मूल तर नकोच. ज्यांनी वीस-तीस वर्षांत सायकल चालवलेली नाही त्यांनी किमान एवढे करावे, आणि हाताच्या ब्रेकची सायकल मिळत असेल तर तीच घ्यावी.

मूल कसे बसवायचे यालाही तिथे कायदा आहे. आठ वर्षांखालील मुलाला पाठ, हात आणि पाय यांना आधार देणारे सुरक्षित आसन हवेच. पुढच्या आसनाची मर्यादा साधारण पंधरा किलो, मागच्याची बावीस. नेमका आकडा आसनावर छापलेला असतो. पायांच्या आधाराचे महत्त्व मला कोणी सांगायला नको होते. नळीवर किंवा कॅरिअरवर डबलसीट बसवलेल्या मुलाची टाच चाकाच्या तारांत सापडून आलेली मी माझ्या दवाखान्यात किती तरी पाहिली आहे. वरून साधे खरचटलेले दिसते, आत मात्र टाचेमागची त्वचा चिरडलेली असते आणि दोन दिवसांनी ती काळी पडते. अशा जखमेला घरी हळद लावून थांबू नये. आसनाच्या पायपट्ट्या त्यासाठीच असतात. “जवळच तर जायचंय” म्हणून त्या सोडू नयेत. हेल्मेट साध्या सायकलवर तेथे सक्तीचे नाही आणि बहुसंख्य लोक घालतही नाहीत. आम्ही नातवाला घातले, रोज. वर्षाखालील बाळाला तर सायकलवर बसवूच नये, कारण हेल्मेटसह डोके तोलण्याइतकी मान त्या वयात भक्कम नसते.

आणि मग आम्ही शिवारात निघालो.

शहराच्या पूर्वेला क्रोमे राइन नावाची नदी आहे, म्हणजे ‘वाकडी राइन’. नाव सार्थ आहे. आपल्याकडच्या ओढ्याएवढी तिची रुंदी, पण वळणे अशी की चालणाऱ्याला तीच नदी पुनःपुन्हा भेटते. काठाने आमेलिसवेर्द आणि राइनाउवनच्या जुन्या वनराया, पुढे ब्युनिक गाव, मग फळबागा आणि मेंढ्यांची कुरणे. वाट चुकण्याची भीती नाही. चौका-चौकांना क्रमांक दिलेले असतात. पांढऱ्या पाटीवरचे हिरवे आकडे कागदावर टिपून घ्यायचे आणि एकामागून एक गाठत जायचे. ही पद्धत शेजारच्या बेल्जियममध्ये 1995 साली हुगो बोलेन नावाच्या खाणकाम अभियंत्याने सुरू केली. माझ्यासारख्या, मोबाइलमधला नकाशा पाहण्यासाठी आधी चश्मा शोधणाऱ्या माणसाला तिच्यासारखी सोय नाही.

तिथे डोंगर नाहीत. चढ असतो तो वाऱ्याचा. म्हणून जाताना वारा समोरून घ्यावा आणि दमल्यावर, परतताना, तो पाठीशी असावा. पहिल्या सहलीत आम्ही याच्या उलट केले आणि परतताना मला दर दहा मिनिटांनी थांबावे लागले. आणखी एक गोष्ट मोठ्यांच्या लक्षात येत नाही. पायडल मारणाऱ्याला घाम येतो, पण आसनात निश्चल बसलेले मूल वाऱ्याने गारठते. आपण स्वेटर काढला म्हणून त्याचाही काढू नये. मधून मधून त्याची मान आणि पोट हाताने चाचपावे. गाल आणि हाताचे पंजे गारच लागतात, त्यावरून अंदाज येत नाही. मूल पेंगू लागले, मान पुढे लोंबू लागली, की थांबावे, खाली घ्यावे.

कुरणांच्या कडेचे पाण्याचे चर ही तिथली सर्वांत फसवी गोष्ट. त्यांच्यावर शेवाळासारख्या बारीक पानांचा हिरवागार थर असतो, आणि तो हुबेहूब हिरवळीसारखा दिसतो. आमचा नातू तिकडे सरळ चालत निघाला होता; सूनबाईने त्याची बंडी मागून धरली. मूल सायकलवरून उतरवले की त्याचा हात सोडायचा नाही, हा नियम त्या दिवशी झाला. गवतात बसून आल्यावर संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गोचीड पाहावी : कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, जांघेत. तेल किंवा रॉकेल लावू नये. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या तीन महिन्यांत त्या जागी पसरत जाणारे लाल कडे उमटले, किंवा ताप आला, तर भारतात परतला असाल तरी डॉक्टरांना ती तारीख सांगावी.

आता त्या दिवसाविषयी. तिसरा आठवडा होता. मुलगा कामावर गेला होता, सूनबाई पुढे होती आणि नातू माझ्या मागे. एका कुंपणापाशी कोकरे दिसली म्हणून मी उतरले. सायकल स्टँडवर लावली, एक हात हँडलवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने पिशवीतली पाण्याची बाटली काढू लागले. नातू कोकरांकडे झेपावला. बारा किलोचे मूल, वर आसनाचे वजन, तेही उंचावर. सायकल कलली ती कललीच. मी दोन्ही हातांनी धरण्याचा प्रयत्न केला, माझे मनगट मुरगळले आणि आम्ही तिघेही गवतात आडवे झालो. पट्टे बांधलेले होते, हेल्मेट होते, जमीन मऊ होती. नातू क्षणभर गप्प राहिला आणि मग रडला. त्या एका क्षणाची शांतता मला अजून ऐकू येते. दुसरा दिवस उजाडेपर्यंत मी त्याच्यावर डोळे लावून बसले होते : पुनःपुन्हा उलटी, वेळी-अवेळी गुंगी, चालण्यात झोक, नाका-कानातून पाणी, झटका यांपैकी काही दिसले असते तर 112 वर फोन करायचा होता. काही झाले नाही. (एवढी घाई नसेल तर तिथे आधी ओळखीच्या कुटुंबडॉक्टरांना फोन करतात, रात्री आणि सुटीच्या दिवशी त्यासाठी वेगळे केंद्र असते. थेट इस्पितळात जाण्याची आपली सवय तिथे उपयोगी नाही.)

सायकल चालत असताना मी सावध होते. थांबलेली सायकल मला सुरक्षित वाटली, आणि नेमके तिथेच फसले. स्टँडवर लावलेल्या सायकलीवर मूल क्षणभरही ठेवू नये. आधी मूल उतरवावे, मग बाटली काढावी, आणि बसवताना ते सर्वांत शेवटी बसवावे.

सूनबाई काहीच बोलली नाही. रात्री मनगटाला पट्टी बांधताना ती एवढेच म्हणाली, “आई, तुम्हाला फार लागलं का?” निर्णय माझा मलाच घ्यायचा होता. आरशासमोर मी एका पायावर उभी राहिले. उजव्यावर दहा सेकंद सहज गेले, डाव्यावर सहाव्या सेकंदाला मी भिंत धरली. ही चाचणी दर महिन्याला पाच रुग्णांना करायला लावणारी मी, स्वतःवर पहिल्यांदाच करत होते.

म्हणून आता त्या प्रश्नाला मी असे उत्तर देते. एकट्याने सायकल चालवा, जरूर चालवा. गुडघ्यांना ती चालण्यापेक्षा सोपी जाते, कारण शरीराचा भार सीटवर असतो. पण मूल मागे बसवायचे असेल तर एका पायावर दहा सेकंद उभे राहता आलेच पाहिजे. उठताना चक्कर येत असेल, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, एकाच डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन दुसरा बाकी असेल, तर मूल बसवू नये. इन्सुलिन किंवा साखर चटकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर ठेवावी. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. ज्येष्ठांसाठी विजेवरची सायकल सुचवली जाते. ती ताशी 25 किलोमीटरपर्यंत मोटरचा जोर देते, पण निघताना एकदम पुढे झेपावते आणि वजनालाही जड असते. सीट इतकी खाली असावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. त्याने गुडघे थोडे कुरकुरतील, पण उतरताना पडण्यापेक्षा ते परवडले.

उरलेले दोन आठवडे नातू त्याच्या आईच्या किंवा बाबांच्या मागे बसला. मी माझ्या सायकलवर, डब्याची पिशवी घेऊन, त्यांच्या मागे. मनगट आठ दिवसांत बरे झाले. रोज संध्याकाळी आम्ही क्रोमे राइनच्या काठाने जाऊन येत असू. वळणापाशी मी हात दाखवत असे, कारण तिथे तसा दंडक आहे. शेवटच्या आठवड्यात पाहिले, तर पुढच्या सायकलवरच्या आसनातून एक इवलासा हातही माझ्याबरोबर बाहेर येत होता. बहुतेक वेळा उलट्या बाजूला.