रिपोर्टआधी सलाईन

मेंदूज्वर म्हटलं की महाराष्ट्राला चांदिपुरा आठवतो. नागपूरजवळच्या या गावातल्या रुग्णांच्या रक्तात १९६५ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) हा विषाणू सापडला. वाळूमाशी तो पसरवते, लहान मुलांना तो गाठतो आणि त्यावर नेमकं औषध अजून नाही.

हर्पिस सिम्प्लेक्सवर मात्र आहे.

ओठांवर पाणीदार फोड आणणारा हा विषाणू अनेकांच्या शरीरात आयुष्यभर सुप्त राहतो. क्वचित तो मेंदूत, बहुधा कानशिलामागच्या भागात सूज आणतो. ताप, डोकेदुखी, फिट. त्यातच माणूस असंबद्ध बोलतो, घरच्यांना ओळखत नाही. याला ‘बाहेरचं’ समजून अंगारा लावण्यात गेलेला वेळ फार महागात पडतो. कोळवणसारख्या दूरच्या गावातून तर उपचारांसाठी पौडमार्गे पुणे गाठायचं असतं.

उपचार न मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. असायक्लोव्हिर शिरेतून दर ८ तासांनी, १४ ते २१ दिवस दिल्यास हे प्रमाण बरंच घटतं. पाठीतल्या पाण्याची पीसीआर तपासणी निदान पक्कं करते. पण संशय येताच, रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात.